गंगापूरची फळी आणि माझी इस्त्री

आमच्या घरात उष्णता या विषयातला जाणकार मी एकटाच आहे. आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या सागवानी ओट्यावर इस्त्रीच्या आकाराचा जो काळा डाग आहे, तो मीच पाडलेला आहे.

जाणकार हे मी उगाच म्हणत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मी हीट ट्रीटमेंटचा विभाग सांभाळला. लोखंडाचे सुटे भाग भट्टीत घालायचे, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचे, मग तेलात बुडवून थंड करायचे. कुठली वस्तू किती तापवावी आणि कधी बाहेर काढावी, हे विचारायला लोक माझ्याकडं यायचे. (घरी कधीच कोणी विचारलं नाही. घरी मला दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभं केलं जातं आणि ते उतू गेल्यावर बोललं जातं.) दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा सहकाऱ्यांनी निरोपाला मला एक बंदूक दिली. दचकू नका, लांबून नेम धरला की वस्तूचं तापमान दाखवणारी बंदूक असते, ती.

आता ओट्याबद्दल. गॅस आहे तो भाग चारचौघांसारखा ग्रॅनाइटचाच, पण त्याला लागून खिडकीपर्यंत जी पाच फुटांची सागवानी फळी बसवलीय, तिचा हा सगळा विषय आहे. ती फळी माझ्या सासऱ्यांच्या गंगापूरच्या कापड दुकानातली. तिच्यावर थान उलगडून त्यांनी उभा जन्म कापड मोजलं आणि फाडलं. कडेला पितळी खिळे ठोकलेत, ती त्यांची मापं. माझी बायको नंदा शाळेतून आली की त्याच फळीवर बसून अभ्यास करायची. गिऱ्हाईक आलं की सासरे म्हणायचे, "सरक गं पोरी," आणि ही वहीसकट हातभर सरकायची. सासरे गेले. मेव्हण्यानं, म्हणजे नंदाच्या मोठ्या भावानं, दुकान नवं केलं, काचेचं काउंटर आणलं आणि फळी गोदामात टाकली. नंदानं ती मागितली. दादानं दोन दिवस विचार केला.

"ने," शेवटी तो म्हणाला. "पण बाबांची वस्तू हाय. तिच्यावर कढया आदळणार असशील तर आत्ताच सांग. मी येऊन बघणार. डाग दिसला की टेम्पो आणून परत नेणार."

दादा बोलतो तसं करतो. भाजीत मीठ जास्त झालं तर ताटावरून उठीन, असं सांगून त्यानं आमच्याच घरी ताटावरून उठून दाखवलेलं आहे.

युनूसभाई मिस्त्रींनी फळी घासली, पॉलिश केली आणि बसवली. ते गेल्यावर नंदा तिच्यावर हात फिरवत उभी राहिली. मला अगदी भरून आलं.

"नंदा, हिची काळजी तू माझ्यावर सोड," मी म्हणालो. (या वाक्याला घरातल्यांनी तिथंच विरोध करायला हवा होता.)

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. ग्रॅनाइट संपतो आणि सागवान सुरू होतं तिथं पिवळी पट्टी चिकटवली. भिंतीवर पाटी लावली : 'तप्त वस्तू ठेवण्यास सक्त मनाई.' गुलमंडीच्या बाजारातून गरम भांडी टेकवायला तीन लोखंडी अडण्या आणल्या आणि त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. नियम असा केला, की पन्नास अंशांच्या वरचं भांडं पिवळी पट्टी ओलांडणार नाही, आणि भांडं किती अंशांचं आहे ते मी बंदुकीनं तपासून सांगणार. त्यामुळं व्हायचं काय, की नंदा हातात आमटीचं पातेलं घेऊन सांडशीला लटकून उभी, आणि मी एक डोळा मिटून नेम धरतोय.

"अहो, हात भाजतोय."

"बासष्ट. थांब अजून."

आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं आठवडाभर हे पाहिलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "ह्याला मी गरम दूध पाजून वाढवला. आता माझ्याच दुधावर बंदूक रोखतोय."

पण खरं सांगतो, सहा महिने त्या फळीवर एक ठिपका पडला नाही. आणि मग दिवाळीच्या तोंडावर दादाचा फोन आला.

"नंदे, भाऊबीजेला येतोय. या वर्षी मी ओवाळणी घालणार नाय. या वर्षी मी मागणार हाय." आणि फोन ठेवून दिला.

नंदा मटकन खुर्चीत बसली. "फळी मागणार तो."

"कशावरून?"

"अहो, पोरगा बजाजनगरला नवीन दुकान टाकतोय ना त्याचा. वहिनी बोलली होती मागं, की ह्यांना बाबांची फळी पोराच्या दुकानात मांडायचीय म्हणून." तिचे डोळे भरले. "भाऊबीजेला भावानं मागितलं तर नाही कसं म्हणू मी?"

मग तीच म्हणाली, "एकच आशा आहे. त्यानं फळी बघितली, जशी दिली तशी, डाग नाही, ओरखडा नाही, तर त्याला वाटेल की इथं नीट सांभाळलीय, राहू दे. दुसरं काहीच नाही माझ्या हातात."

आलं ना लक्षात? फळी स्वच्छ असणं हा तिचा एकुलता एक आधार होता. आणि तो आधार माझ्या ताब्यात होता.

पाडव्याच्या दिवशी दुपारी नंदा सिडकोत मावशीकडं फराळाचे डबे द्यायला गेली. जाताना म्हणाली, "दादासाठी पुरणाची डाळ कुकरला लावलीय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. बाकी कशालाही हात लावू नका." सूचना किती सोपी होती बघा.

तीन शिट्ट्या झाल्या. मी बंद केला. इथंच मी बाहेर जाऊन पेपर वाचत बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण आई म्हणाली, "चहा टाक रे श्रीकांत." एका शेगडीवर दूध होतं, दुसरीवर कुकर. ग्रॅनाइटवर चकल्या, अनारसे आणि चिवड्याची परात, तिळाएवढी जागा नाही. म्हणजे कुकर अडणीवर ठेवणं आलं. आणि तिन्ही अडण्या गॅलरीत वाळत होत्या, कारण दादाच्या डोळ्यात भराव्यात म्हणून त्याच सकाळी मी त्यांना पिवळा रंग दिला होता!

मी विचार केला. पाणी उष्णता शोषून घेतं, हे शास्त्र आहे. मग एक जाड फडकं ओलं केलं, चार घड्या घातल्या आणि फळीवर पसरलं. बंदुकीनं तपासलंसुद्धा. सव्वीस अंश, एकदम सुरक्षित. (कुकरचं तापमान घ्यायला हवं होतं, फडक्याचं नव्हे, हे मला आत्ता लिहिताना कळतंय असं नाही. तेव्हाही पाच मिनिटांत कळलं.) कुकर वर ठेवला, चहा केला, आईबरोबर प्यायलो, वर एक अनारसा खाल्ला.

कुकर उचलला, फडकं काढलं, तर फळीवर थाळीएवढं पांढरंशुभ्र वर्तुळ.

"आई, हे काय झालं?"

आई चष्मा लावून आली. "दूध सांडलं का रे?"

"दूध नाही गं. पुसलं तरी जात नाहीये."

"मग खोबरेल लाव."

खोबरेल लावलं. वर्तुळ तसंच, वर चमकायला लागलं. मी भांडी घासायची बुकणी लावली, लिंबू चोळलं, शेवटी युनूसभाईंना फोन लावला.

"सलाम साब, दिवाली मुबारक," युनूसभाई म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते एकदम निवांत. "कुछ नहीं हुआ साब. पॉलिश में भाप घुस गई. पतला सूती कपडा रखो, उसके ऊपर इस्त्री फिराओ, हल्की गरम. भाप निकल जाती, निशान गायब."

"इस्त्री? लाकडावर?"

"हौ साब. लेकिन फिराते रहना. एक जगे पे रखना नक्को. रुके तो गए."

मी तर आनंदानं उडीच मारली. इस्त्री आणली, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला आणि हलक्या हातानं फिरवायला लागलो. दोन मिनिटांनी कापड उचलून पाहतो तर वर्तुळ निम्मं गायब! आईला मी धरून नाचवायचंच बाकी ठेवलं होतं.

"गेलं गं आई, निम्मं गेलं."

"मग आता पुरे कर. नंदा आली की ती बघेल उरलेलं."

पण उरलेलं निम्मं मला खुपत होतं. आणि इथं माझी सत्तावीस वर्षं आडवी आली. युनूसभाई भला माणूस, पण भट्टी त्यानं कधी पाहिलेली नाही. नुसतं फिरवत राहिलं तर उष्णता आतपर्यंत पोहोचते का? आमच्याकडं नियम असतो, एक इंच जाडीला एक तास वस्तू तापत ठेवायची. फळी दीड इंचाची. म्हणजे खरं तर दीड तास इस्त्री ठेवायला हवी. पण लाकूड आहे, घरातलं आहे, म्हणून मी माझ्या अधिकारात दीड तासाची दोन मिनिटं केली. केवढा समजूतदारपणा! इस्त्रीचं बटण सुतीवर नेलं, उरलेल्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर ठेवली आणि घड्याळ लावून हाताची घडी घालून उभा राहिलो.

एका मिनिटानं आई बाहेरून म्हणाली, "कुठंतरी काहीतरी जळतंय रे."

"शेजारी असेल," मी म्हणालो.

दोन मिनिटं पूर्ण झाली. मी वेळेचा पक्का आहे, एक सेकंद इकडं तिकडं नाही. इस्त्री उचलली. लुगड्याचा तुकडा तिच्याबरोबरच उचलला गेला, कारण तो तिला चिकटला होता. खाली पांढरं वर्तुळ अजिबात राहिलं नव्हतं. त्याच्या जागी काळीकुट्ट, टोकदार, ठसठशीत इस्त्री उमटली होती. वाफेची भोकंसुद्धा मोजता येत होती.

आई दारात येऊन उभी राहिली. चष्मा सावरून म्हणाली, "मघाचं बरं होतं."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मिक्सर उचलला आणि त्या डागावर ठेवला. नंदा आली तेव्हा मी मिक्सरला टेकून, सहज उभा होतो. आईला डोळ्यांनी खुणावलं होतं. ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही गं बाई," त्यामुळं संशय आला नसेल तर येईल अशी सोय झाली.

"मिक्सर इथं कशाला आणला?" नंदानं विचारलं.

"उजेड चांगला आहे इथं."

ती माझ्याकडं बघत राहिली, पण घाईत होती. संध्याकाळी पाडव्याचं ओवाळलं. मी ताटात साडी ठेवायला गेलो तर तिनं माझा हात धरला. "मला या वर्षी काही नको. उद्या दादापुढं तेवढी फळी वाचवा." आणि निरांजनाच्या उजेडात माझ्याकडं इतक्या विश्वासानं पाहिलं, की मला तिथंच रडू यायला लागलं. तिला वाटलं, मी तिच्यासाठी हळवा झालोय. तिनं मला एक करंजी जास्त वाढली.

भाऊबीजेला दादा अकरा वाजता आला. पाणी प्यायला आणि थेट स्वयंपाकघरात घुसला. पिवळी पट्टी, पाटी, झगझगीत अडण्या, सगळं निरखून पाहिलं.

"दाजी, लई बंदोबस्त केलाय की."

"करावा लागतो," मी मिक्सरला धरून म्हणालो.

त्यानं पितळी खिळ्यांवरून बोटं फिरवली. मग खिशातून गुंडाळीची मोजपट्टी काढली. नंदाचा चेहरा उतरला. दादा खिडकीकडून मोजत मोजत आला आणि मिक्सरपाशी अडला.

"हा जरा उचला."

"हा हलवायचा नसतो."

"का?"

"लेव्हल करून ठेवलाय."

"मिक्सर?"

"अहो, काय चाललंय तुमचं?" नंदा म्हणाली. "कालपासून हात लावू देत नाहीत त्याला. सकाळची चटणी मी खलबत्त्यात कुटली, दादा."

आईला राहवलं नाही. "अरे श्रीकांत, उचल की. किती वेळ धरून उभा राहशील? पाय दुखतील."

मी उचलला.

नंदानं पदराला हात पुसला आणि तो तळहात त्या डागावर ठेवला. निम्मा डाग तेवढा झाकला गेला. तीस वर्षांच्या संसारात तिनं माहेरची एक वस्तू आणली होती, आणि ती मी जाळली होती.

"दादा, हे मी केलं," मी म्हणालो. "तिला माहीतसुद्धा नव्हतं. मी ओट्याला इस्त्री केली."

दादानं मान तिरकी करून डाग पाहिला, मग मला पाहिलं. "का? चुरगळला होता व्हय?"

मी सगळं सांगितलं. डाळ, ओलं फडकं, पांढरं वर्तुळ, युनूसभाई, एका इंचाला एक तास. सांगताना मलाच माझा राग येत होता. दादानं मोजपट्टी हळूहळू गुंडाळली आणि खिशात घातली.

"मी मागायलाच आलतो ही फळी," तो म्हणाला. "पोराच्या दुकानात समोर मांडणार होतो. आल्या आल्या आजोबा दिसावेत म्हणून." त्यानं डागावर बोट टेकवलं. "पर आता टेम्पो आणून बी नाय चालायची. कापडाच्या दुकानात आन् पुढंच इस्त्रीनं जळालेलं? साडी घ्यायला आलेली बाई हे बघून पायरीवरूनच माघारी जाईल."

नंदानं एकदम मान वर केली. तिला कळलं. मला मात्र कळलं नाही. मला वाटलं, एवढं नुकसान झालंय तर निदान मदत तरी करावी.

"निघेल हो दादा," मी उत्साहानं म्हणालो. "युनूसभाईंना बोलवू, जरासा रंधा मारला की अगदी नव्यासारखी..."

नंदानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाचेनं, पूर्ण वजन टाकून.

"नाही निघणार," ती म्हणाली. "खोल गेलंय. हे काहीही करतात ते खोलवरच करतात."

दादानं बहिणीकडं पाहिलं. तो कापडवाला माणूस, समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. मिशीत हसला.

"व्हय, लई खोल दिसतंय," तो म्हणाला. "राहू दे मग तुझ्याकडंच. पोरगं बी काचेचंच मागत होतं, हट्ट माझा होता. बाबा असते तर त्यांनी तुलाच दिली असती." मग नाक ओढून मोठ्यानं म्हणाला, "पाट मांडा. भूक लागलीय. मीठ बघून घातलंय ना?"

नंदानं त्याला हसत हसत ओवाळलं. दादानं चार पुरणपोळ्या खाल्ल्या, ओवाळणीत एक रेशमी साडी घातली, जाताना पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन फळीवर हात ठेवून आला.

तो गेल्यावर नंदानं मला ताट वाढलं. पोळीवर तुपाची धार अशी धरली, की ती थांबेना. मला जरा धीर आला. मी म्हणालो, "म्हणजे एकंदरीत पाहता माझं काही चुकलं नाही म्हणायचं."

"चुकलंच," ती म्हणाली. "पण तीस वर्षांत पहिल्यांदाच वेळेवर चुकलात."